शेपटीवरचा आकडा

४ ऑक्टोबर

ही डायरी आमच्या दुकानाच्या मालकांनी जानेवारीत दिली होती. वर सोनेरी चष्मा छापलाय. इतके दिवस कपाटात कोरी पडून होती. आज उघडली, कारण घरात सांगण्यासारखं काही घडलं आणि सांगायला कोणी सापडलं नाही. भावाला फोन लावला तर तो गाडी चालवत होता. घरी पोचून करतो म्हणाला, तो अजून पोचतोच आहे.

माजी सैनिक संघटनेचे सचिव आले होते. गृहस्थ नोकरीभर भांडारात होते, बूट आणि ब्लँकेटं वाटायचे, पण बोलतात असे की सगळ्या लढाया यांच्याच बुटांवर जिंकल्या गेल्या. वाचनालयासमोरच्या चौकात एक जुनं बॉम्बर विमान चबुतऱ्यावर बसवणार आहेत. बाबा उडवायचे त्याच जातीचं, भंगारातून वाचवलेलं. महिन्याभराने बाबांच्या हस्ते अनावरण आणि तिथंच त्यांचा सत्कार. शत्रूच्या कैदेत राहून आलेले आमच्या शहरात आता ते एकटेच उरलेत.

बाबा खिडकीपाशी बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरं." सचिव खूश झाले. बाबांचं 'बरं' म्हणजे होकार नसतो, समोरच्याने आता आवरतं घ्यावं एवढाच त्याचा अर्थ असतो, हे त्यांना कोण सांगणार. मी नाही सांगितलं. मला हवाय हा सत्कार. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाकडे चार लोक येतील, दारात गाडी थांबेल, एकदम सहा कप चहा टाकावा लागेल. आमच्याकडे दोनच कप लागतात, आणि त्यातला एक बरेचदा तसाच राहतो.

त्यांना त्या काळातला फोटो हवा होता. बाहेरच्या खोलीतला चौकटीतून काढून दिला. विमानाच्या शेपटीपाशी उभे बाबा आणि मास्तर, आणि शेपटीवर मोठा आकडा, ७४१. मास्तर म्हणजे बाबांचा नॅव्हिगेटर, विमानात बसून वाट सांगणारा. हिशेबाला पक्का, म्हणून मास्तर. त्याच विमानाला तोफेचा गोळा लागला. बाबा पॅराशूटने उतरले, पकडले गेले, दीड वर्ष तिकडच्या तुरुंगात होते. मास्तर विमानाबरोबरच गेला. यापलीकडे आम्हाला काही माहीत नाही. आईलाही नव्हतं.

९ ऑक्टोबर

नळ दुरुस्त करायला आलेला माणूस बाथरूमची कडी शोधत होता. आमच्या घरात बाहेरचं दार सोडलं तर एकाही दाराला कडी नाही. कैदेतून आल्यावर बाबांनी पान्हा नि स्क्रू ड्रायव्हर घेऊन सगळ्या काढून टाकल्या. दार नुसतं लोटलेलंही त्यांना खपत नाही, उठून उघडून ठेवतात. मी कपडे बदलते तीसुद्धा दार पायाने अडवून. भावजय एकदा राहायला आली होती, ती दाराला आतून भरलेली बादली लावून आंघोळ करायची. तेव्हापासून ती हॉटेलात उतरते. मला त्यात काही विचित्र वाटत नाही. तुरुंगात राहून आलेल्याला बंद दार कसं सोसेल?

मला त्याच्या आधीचे बाबा थोडेसे आठवतात. चार वर्षांची होते. दाढी करताना शीळ घालायचे, माझ्या नाकाला फेस लावायचे. मला भोंगा म्हणायचे, कारण माझं रडणं तिसऱ्या घरात ऐकू जायचं. परत आले त्यांनी मला नावाने हाक मारली, बँकेच्या खिडकीत पुकारतात तशी. कधी रागावले नाहीत, हात उगारला नाही, निकाल लागला की मार्क विचारायचे. भाऊ नंतरचा. त्याला एवढेच बाबा माहीत, त्यामुळे त्याचं काही हरवलेलं नाही. माझं लग्न आधी जमलं नाही, मग मी जमवलं नाही, आणि आई गेल्यापासून आम्ही दोघं एकमेकांना वर्तमानपत्र देतो-घेतो.

असं लिहिलं की वाटतं मी तक्रार करतेय. करतेच आहे.

१७ ऑक्टोबर

सचिव गाडी घेऊन आले आणि आम्हाला चौकात घेऊन गेले. विमान अजून जमिनीवरच आहे, पंख जोडून झालेत. पेंटर शिडीवर उभा राहून शेपूट रंगवत होता. आकडा मी दोनदा वाचला. ७४१.

सचिव म्हणाले, "ताई, तुमच्या फोटोवरूनच उतरवून घेतला. सरांचंच विमान वाटायला हवं." माणसाची हौस दांडगी. जे विमान तिकडे कुठल्याशा शेतात तुकडे होऊन पडलं, मास्तर ज्याच्यात गेला, त्याचा आकडा यांनी या धडधाकट विमानावर घातला होता. कुणाच्या डोक्यात आलं नाही. फोटो देताना माझ्याही आलं नव्हतं.

बाबा काठी टेकत पंखाखालून चालत शेपटीपर्यंत गेले. मान वर करून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं आता कोसळतील, किंवा सचिवांवर काठी तरी उगारतील. ते वळले, आणि चक्क हसत होते.

"सातशे एक्केचाळीस आणलं की आपण," म्हणाले. "कुठंच काही लागलेलं दिसत नाही."

सचिवांना वाटलं हा विनोद आहे, ते मोठ्याने हसले. गाडीत बाबा शीळ घालत होते. मी खिडकीबाहेर बघत बसले.

१९ ऑक्टोबर

सकाळी बाथरूममधून हाक आली, "भोंगा, टॉवेल दे गं."

टॉवेल हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले. सत्तावन्न वर्षांची बाई, चष्म्याच्या दुकानात जिच्यासमोर गिऱ्हाइकं दबून असतात ती, ओट्याला टेकून रडले. तेही आवाज न करता. नाव वाया गेलं म्हणायचं.

२३ ऑक्टोबर

डॉक्टरांना भेटून आले. या वयात असं होतं म्हणाले. वाद घालू नका, त्रास होत नसेल तर चालू द्या. त्रास कसला, बाबा दोन अंडी खातात. माझ्याशी पत्ते खेळतात आणि उघड उघड लबाडी करतात. काल माझ्या सूपाला म्हणाले, हे तिकडे टाकलं असतं तर बॉम्बची गरज पडली नसती. दुकानात मालकांनी विचारलं, लॉटरी लागली का. मी म्हटलं, हो.

भावाचं मत वेगळं. त्यांना वेळीच खरं सांग म्हणाला, आज विमान परत आलं म्हणतात, उद्या घर ओळखणार नाहीत. त्याचं चूक आहे असं नाही. पण त्याला कधी कुणी नाकाला फेस लावला नाही.

दुपारी बाबांनी झोपताना खोलीचं दार लावून घेतलं. स्वतः. मी बाहेर उभी राहून त्या बंद दाराकडे पाहत होते. मला वाटलं, सुटले एकदाचे त्या तुरुंगातून.

२९ ऑक्टोबर

पेंटर दुकानात आला होता, जवळचा चष्मा करायला. मी त्याच्या नाकावर फ्रेम बसवत होते, एक दांडी वर होत होती ती गरम करून वाकवत होते. तो म्हणाला, उद्या विमानाला शेवटचा हात मारायचा, मग रंग पक्का होईल. सचिवांनी सांगितलंय, ताईंना एकदा आकडा विचारून घे.

मी दांडी वाकवत राहिले. आता बोलायला हवं हे मला स्पष्ट कळत होतं. हा आकडा इथं शोभत नाही, एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. दुसरं कोणी त्याला सांगणार नव्हतं, कारण ज्यांना माहीत होतं ते सगळे गेले. राहिलेत ते एक बाबा, आणि ते शीळ घालतायत.

"बरोबर आहे," म्हटलं.

फोटोत तोच आहे, मी खोटं कुठं बोलले. असं स्वतःशी घोकत घरी आले. बाबा पत्ते पिसून वाट बघत होते.

४ नोव्हेंबर

आज बाबांनी न विचारता सगळं सांगितलं. बिस्किट चहात बुडवत, काल बाजारात जाऊन आल्यासारखं.

परतताना डाव्या इंजिनाला लागलं, आग धरली. त्यांनी मास्तरला सांगितलं, उतर. त्या विमानात पायलटच्या खुर्चीला एक हँडल असायचं, ओढलं की खुर्चीसकट माणूस बाहेर फेकला जायचा. नॅव्हिगेटरला तशी खुर्ची नव्हती. त्याने सरपटत बाजूच्या दारापर्यंत जायचं आणि दार उघडून उडी टाकायची. मास्तर दारापर्यंत गेला, पण दार उघडेना. तो लाथा मारत होता, कानातल्या यंत्रातून बाबांना त्याचा श्वास ऐकू येत होता.

"हँडल माझ्या हातात होतं," बाबा म्हणाले. "ओढलं नाही. त्याचं दार उघडत नाही आणि मी कसा जाऊ? म्हटलं, थांब मास्तर. आणलं दोघांनाही."

मी विचारलं, मग मास्तर कुठायत? घरी गेला असेल म्हणाले, लग्नाला वर्ष नाही झालं त्याच्या. आणि दुसरं बिस्किट घेतलं.

मला फार बरं वाटलं. माणसाचं मन कुठून कुठून काय गोळा करतं आणि त्याची केवढी छान गोष्ट करतं. दार काय, लाथा काय, अगदी डोळ्यांसमोर उभं केलं.

रात्रीच्या जेवणाआधी सचिवांचा फोन. मास्तरची बायको समारंभाला येणार आहे, आदल्या दिवशी आमच्याकडेच उतरेल. मला आवडलं नाही. घरात एक सुखाचा वारा आलाय, आणि हे प्रत्येक खिडकी उघडायला निघालेत.

९ नोव्हेंबर

काकू दुपारी आल्या. ठेंगण्या, ताठ, केस अगदी बारीक कापलेले. पंचाहत्तरी ओलांडलीय, पण बॅग मला उचलू देईनात. शाळेत शिवण शिकवायच्या. मास्तर गेल्यावर काही वर्षांनी दुसरं लग्न केलं, त्याचे दोन मुलगे आहेत, तो नवराही आता नाही. हे सगळं त्यांनी चपला काढता काढताच सांगून टाकलं.

बाबा उठून उभे राहिले. "या वहिनी. मास्तर नाही आला?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी फोनवर त्यांना सांगायला हवं होतं. रोज सांगेन म्हणत होते आणि रोज टाळत होते. त्या बाबांसमोर बसल्या. बाबांनी पुन्हा सगळं सांगितलं. इंजिन, आग, दार, लाथा, श्वास. मी मध्येच चहाचं विचारलं तर काकूंनी माझ्याकडे न बघता हात वर केला. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही त्याला आणलंत," त्या म्हणाल्या.

"मग, सोडून येतोय होय."

"बरं केलंत भाऊजी," म्हणाल्या, आणि मग चहा मागितला.

ऊन उतरल्यावर त्यांनी मला विमान दाखव म्हटलं. आता ते चबुतऱ्यावर चढवलंय, वर कापड घालणं चाललंय, शेपूट अजून उघडी आहे. काकू बाकावर बसून तिकडे बघत होत्या. मग त्या सांगू लागल्या की बाबा सुटून आल्यावर एकदाच त्यांच्या घरी गेले होते. दारातच उभं राहून सांगितलं होतं की गोळा लागला तेव्हाच तो गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. त्यावर त्या इतकी वर्षं जगल्या. मूल झालं, दुसरं झालं, कधी रात्री जाग आली तरी एवढं होतं की त्याला काही कळलं नाही.

मी म्हटलं, काकू, बाबांचं डोकं आता ठिकाणावर नाही, दाराचं वगैरे त्यांनी मनाने रचलंय.

"अगं, परत आलो हे रचलंय," त्या म्हणाल्या. "दार रचलेलं नाही."

मला घरातल्या काढलेल्या कड्या आठवल्या आणि बाकावर बसवेना.

काकू रडल्या नाहीत. मलाच पाणी दिलं. मग शेपटीकडे बोट करून म्हणाल्या, "हा आकडा इथं नको. ते विमान त्याच्यापाशी आहे. त्याचं म्हणून तेवढंच त्याच्याकडे आहे. हे मला वाटतं. पण तुझे वडील आहेत, तू ठरव."

मला त्यांचा राग आला, हे लिहून ठेवते. म्हटलं, काकू, सध्या ते फार आनंदात आहेत. "दिसतंय ना," म्हणाल्या. मला भोंगा म्हणतात हे काही मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचा नवरा जळत्या विमानात दाराला लाथा मारत गेला, आणि मी काय सांगणार, मला लाडाने हाक मारतात म्हणून?

घरी येऊन पेंटरला फोन केला. आकडा चुकलाय, सकाळी लवकर जाऊन पुसून टाक म्हटलं. दुसरा कुठला घालू विचारलं त्याने. कुठलाच नको म्हटलं. त्याने चिडून विचारलं, ताई, तुम्हीच तर बरोबर म्हणाला होता. हो म्हटलं, मीच.

१० नोव्हेंबर

समारंभ झाला. खुर्च्या भरल्या होत्या, भाऊ विमानाने येऊन पहिल्या रांगेत बसला होता. सचिवांनी भाषणात बाबांना तीनदा 'अमर' म्हटलं. बाबा सकाळपासून खुशीत होते, कोटाचं बटण मला लावायला लावून वर म्हणाले, भोंगा, जाड झालोय का मी. मी बटण लावलं.

दोरी ओढली, कापड पडलं, टाळ्या झाल्या. बाबांची नजर सरळ शेपटीवर गेली. तिथं नुसता राखाडी रंग, अजून ओलसर. ते शोधत राहिले. मग मला म्हणाले, "आकडा?"

"हे आपलं नाही बाबा," म्हटलं.

त्यांच्या चेहऱ्यावरून ते सगळं निघून जाताना मी पाहिलं. घाईने नाही गेलं. त्यांनी एकदा मागच्या खुर्च्यांकडे पाहिलं, कोणी यायचं राहिलंय का असं, आणि मग पाहायचं थांबवलं. कोणीतरी हातात माइक दिला. ते म्हणाले, "हे आमचं नाही. आमचं परत आलं नाही." माइक किंचाळत होता. लोकांना नीट ऐकू गेलं नसावं, त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

परतताना गाडीत बाबा आणि काकू मागे बसले होते. बाबांच्या मांडीवर पुष्पगुच्छ, शाल, लाकडी सन्मानचिन्ह, सगळा ढीग. म्हणाले, "वहिनी, तो जिवंत होता. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"कळलं मला," काकू म्हणाल्या. त्यांनी बाबांच्या मांडीवरचा ढीग उचलून आपल्या मांडीवर घेतला, त्यांना नीट टेकून बसता यावं म्हणून. भाऊ पुढे बसून फोटो पाठवत होता.

१२ नोव्हेंबर

काकू काल गेल्या, भाऊ त्याच्या आधी. घर पुन्हा आपल्या जागी आलं. बाबांनी सकाळी उठून सगळी दारं उघडून ठेवली. मला नावाने हाक मारली, वर्तमानपत्र मागितलं. मी दिलं. पत्ते टेबलावर होते ते उचलून ठेवले. हे माझ्या हाताने झालं. पुन्हा विचारलं तरी हेच करेन, पण त्याने आजची सकाळ काही सोपी झाली नाही.

दुपारी चहा घेऊन गेले तर ते पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. कप घेतला नाही. म्हणाले, "मी थांबायला हवं होतं."

मी कप हातात घेऊन उभी होते. आमच्या घरात अशा वाक्यावर कोणी काही बोलत नाही, आई नुसती पदर खोचून आत जायची. मलाही आत जावंसं वाटलं.

"नाही," म्हटलं. "थांबला असतात तर दोघंही गेला असतात. मी चार वर्षांची होते बाबा. रोज फाटकाशी उभी राहायचे. तुम्ही आलात ते मला हवं होतं. मास्तर आले नाहीत तरी हवं होतं." माझा आवाज चढला होता, तिसऱ्या घरात गेला असेल.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आलो तेव्हा तू तर लपलीस. आईच्या मागे."

हे मला आठवतही नव्हतं. त्यांना आठवत होतं. इतकी वर्षं मला वाटायचं की त्यांना मी नकोशी झाले, आणि ते हे धरून बसले होते.

"ओळखलं नाही हो बाबा," म्हटलं. "दाढी होती. केवढे वाळला होतात."

त्यांनी मान हलवली. माझ्या हातातला कप घेऊन खिडकीत ठेवला, आणि पलंगावर जरा भिंतीकडे सरकले. मी तिथं बसले.